‘येस’ दाबण्याआधीची पन्नास वर्षं

कॉम्प्युटर आपला, फोल्डरही आपलं. पण डिलीट करायला गेलं की विंडोज परवानगी मागतं. आपण वैतागतो आणि न वाचताच ‘येस’ दाबतो. ही वैतागवाडी कुठून आली?

मुळात हा सगळा भाऊगर्दीच्या यंत्रांचा वारसा. 1961 साली एमआयटीत फर्नांदो कोर्बातो यांच्या चमूने ‘सीटीएसएस’ दाखवली: यंत्र एक, वापरणारे अनेक. सगळ्यांच्या फायली एकाच साठ्यात, म्हणून पासवर्ड आले. युनिक्सने पुढे प्रत्येक फाइलीला मालक, गट आणि इतर अशी तीन नाती चिकटवली आणि वाचणं, लिहिणं, चालवणं यांचे हक्क वाटून दिले. तिथे प्रश्न विचारला जात नसे, सरळ नकार मिळे. सर्वाधिकार ‘रूट’ या एकाच खात्याकडे. 1980च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफलो शाखेत बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडो’ लिहिलं. तेवढ्या एका कामापुरता रूटचा अधिकार उसना घेण्याची ही सोय. आजच्या परवानगीच्या खिडकीचा आजा मी यालाच मानतो.

घरगुती कॉम्प्युटरला यातलं काही ठाऊक नव्हतं. डॉस काय, विंडोज 95 काय, समोर बसेल तो मालक. 1993च्या विंडोज एनटीत हक्कांच्या याद्या होत्या आणि 2001मध्ये एक्सपीबरोबर त्या घरोघरी पोचल्याही. पण तिथलं घरचं खातं सहसा ॲडमिनिस्ट्रेटरचंच. तुम्ही जे करू शकता, ते तुम्ही उघडलेला कुठलाही प्रोग्रॅम करू शके. व्हायरससुद्धा.

जानेवारी 2007मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने यावर तोड काढली. ॲडमिनिस्ट्रेटर लॉग-इन झाला तरी त्याची कामं साध्या अधिकारावर चालायची. मोठा अधिकार लागला की खिडकी. त्या वेळी स्क्रीन काळवंडतो, तो नुसता देखावा नव्हे. मागे दिसतो तो तुमच्या डेस्कटॉपचा फोटो असतो. खिडकी वेगळ्याच, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडलेली असते आणि साध्या प्रोग्रॅमांचा हात तिथे पोचत नाही. नाहीतर व्हायरसनेच माउस सरकवून ‘येस’ दाबलं असतं!

लोक मात्र कावले. सिस्टीमच्या राखीव जागेत नवं फोल्डर करायचं तर चार-चार खिडक्या यायच्या. सर्व्हिस पॅक 1ने त्या एकीवर आणल्या. ॲपलने जाहिरातीत खिल्ली उडवली. 2008च्या आरएसए परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या डेव्हिड क्रॉस यांनी तर सांगूनच टाकलं, की हे लोकांना त्रास व्हावा म्हणूनच केलं. ग्राहक बोंबलले की ऊठसूट ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मागणारे सॉफ्टवेअरवाले सुधारतील, हा हिशोब. म्हणजे खडे बोल त्यांना, डोकेदुखी आपल्याला. मला हा हिशोब निगरगट्ट वाटतो, पण चुकीचा म्हणवत नाही. विंडोज 7ने 2009मध्ये खिडक्या कमीजास्त करायची पट्टी दिली आणि ओरड निवली.

जुनी हार्ड डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडल्यावर येणारी खिडकी मात्र निराळी. विंडोज मालक ओळखतं ते नावावरून नव्हे, खात्याच्या लांबलचक क्रमांकावरून. नव्या यंत्रावर तुमचं नाव तेच, क्रमांक वेगळा. म्हणून तुम्ही परके. ‘कंटिन्यू’ दाबलं की तुमचा नवा क्रमांक त्या फोल्डरच्या आणि आतल्या फायलींच्या हक्कांच्या यादीत कायमचा चढतो. हजारो फायली असतील तर हिरवी पट्टी बराच वेळ रेंगाळते, ती याचसाठी.