बाळाची नियमित तपासणी: सव्वा महिना थांबू नका

बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते, बाळ घरी येतं आणि सव्वा महिना दोघांनाही बाहेर काढायचं नाही असं ठरतं. बाळंतिणीला विश्रांती मिळावी आणि बाळाला गर्दीतला संसर्ग होऊ नये, हा त्यामागचा विचार चांगलाच आहे. पण बाळाच्या काही महत्त्वाच्या तपासण्या याच सव्वा महिन्यात कराव्या लागतात. "बाळ दूध पितंय, झोपतंय, मग डॉक्टर कशाला?" असं वाटलं तरी पुढे दिलेली कारणं नक्की वाचा.

पहिल्या सहा आठवड्यांत काय पाहतात?

- कावीळ: बऱ्याच बाळांना सौम्य कावीळ होते आणि ती आपोआप कमी होते. पहिल्या २४ तासांत दिसलेली, तळहात-तळपायापर्यंत पोहोचलेली किंवा दोन आठवड्यांनंतरही टिकलेली कावीळ डॉक्टरांना दाखवावीच लागते.
- शीचा रंग: शी पांढुरकी किंवा मातकट होत असेल, तर पित्तमार्ग बंद असण्याची शक्यता असते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं होण्याआधी झाली तर जास्त उपयोगी ठरते.
- डोळे: बाहुलीत पांढरेपणा, म्हणजे जन्मजात मोतीबिंदू, पहिल्या काही आठवड्यांतच ओळखावा लागतो. बाळ ३४ आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल, तर महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या.
- कान: ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात व्हावी. दोष असेल तर सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू झाल्यास बोलणं शिकायला मोठी मदत होते.
- थायरॉईड: जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी रक्ताची साधी चाचणी होते. दोष असूनही उपचार झाले नाहीत, तर मेंदूची वाढ खुंटते. वेळेत गोळी सुरू झाली तर हे टाळता येतं.
- हृदय, खुब्याचे सांधे, टाळू, मुलग्यांमध्ये वृषण: हे सर्व डॉक्टर हाताने आणि स्टेथोस्कोपने तपासतात.

यातलं काय झालं आणि काय राहिलं, हे डिस्चार्ज कार्ड दाखवून विचारा.

वजन किती वाढावं?

पहिल्या आठवड्यात वजन थोडं घटतं. साधारण १० टक्क्यांपर्यंतची घट चालते. दोन आठवड्यांत ते पुन्हा जन्माच्या वजनाइतकं व्हावं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढ होते. वजन पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. शेजारच्या बाळाशी तुलना करू नका. कार्डावरची आपल्या बाळाची रेषा वर चालली आहे का, हे महत्त्वाचं. लांबी आणि डोक्याचा घेरही प्रत्येक वेळी मोजून घ्या.

कधी जायचं?

- जन्मतः: बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी
- ६, १० आणि १४ आठवडे: पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, ६ आणि १४ आठवड्यांना पोलिओ व न्यूमोकोकल इंजेक्शनही
- ९ महिने पूर्ण झाल्यावर: गोवर-रुबेला, न्यूमोकोकल बूस्टर, पोलिओ इंजेक्शन, 'अ' जीवनसत्त्व
- १६ ते २४ महिने: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर

या लसी सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. नाशिक रोडला महापालिकेचं नवीन बिटको रुग्णालय आणि शहरी आरोग्य केंद्रं जवळ आहेत. रुग्णालयात प्रसूती झाली असेल, तर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येऊन बाळाला पाहणं अपेक्षित असतं. त्या आल्या नाहीत तर आरोग्य केंद्रात नाव नोंदवा.

साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नका. डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेल्या डोसपासून पुढे चालू ठेवायचं. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो. तो फोडू नका, त्यावर काही लावू नका.

विकासाचे टप्पे

- २ महिने: तुमच्याकडे बघून हसणं
- ४ महिने: मान सावरणं, आवाजाकडे वळणं
- ६ महिने: पालथं पडणं, वस्तू पकडणं
- ९ महिने: आधाराशिवाय बसणं, 'बाबा', 'दादा' असे आवाज काढणं
- १२ महिने: धरून उभं राहणं, चिमटीत वस्तू उचलणं

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. एखादा टप्पा थोडा मागे-पुढे होऊ शकतो. पण आधी येत असलेली गोष्ट बाळ करेनासं झालं, किंवा शंका मनातून जात नसेल, तर "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका.

घरात नेहमी विचारलं जातं

*बाळघुटी, मध, पाणी द्यावं का?* नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. डॉक्टरांनी सांगितलेले 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब आणि औषधं मात्र द्यावीत.

*काजळ, कानात-नाकात तेल?* टाळा. काजळात शिसं असू शकतं. तेल श्वासनलिकेत जाऊ शकतं.

*मालिश?* हलक्या हाताने चालेल. बाळाची छाती पिळू नका.

तातडीने रुग्णालयात न्या

दोन महिन्यांपर्यंतच्या बाळात यातलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट पाहू नका:

- दूध न ओढणं, फार सुस्त पडणं
- ताप, किंवा अंग गार पडणं
- शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं
- झटके, ओठ निळे पडणं

रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

सासरी परतताना

माता-बाल संरक्षण कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड बाळाच्या कपड्यांसोबत पिशवीत ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या. लस कुठल्याही गावच्या सरकारी केंद्रात घेता येते. आधी काय झालं हे तिथल्या डॉक्टरांना कार्डावरूनच कळतं.