रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाला काय जोडावं, काय नको? परवानाधारकांनी हे वाचाच

सातारा-सांगलीत सराफ, पेट्रोल पंपवाले, माजी सैनिक, खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक अशा काही जणांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असतं. बहुतेक वेळा ते ३२ बोअरचं. मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून "चाप हलका करून घेऊ का, पुढं काही बसवू का" असं विचारणारेही भेटतात. तिकडचा कायदा वेगळा, आपला वेगळा. साधा हिशोब असा: हत्याराच्या बाहेर राहणाऱ्या वस्तूंवर पैसे घाला, हत्यार बदलणाऱ्या गोष्टींपासून लांब राहा.

या वस्तू कामाच्या

होल्स्टर : २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात पाहिजे. होल्स्टर त्याच मॉडेलच्या मापाचं घ्या. चाप पूर्ण झाकला पाहिजे आणि वरून बंद करायचा पट्टा पाहिजे. रिकामं हत्यार घालून होल्स्टर उलटं धरून बघा. हत्यार निसटलं तर ते होल्स्टर घेऊ नका. मोटारसायकलवर खड्ड्यातून जाताना फरक कळतो.

कुलपाची पेटी : परवाना मागतानाच हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आपण लिहून दिलेली असते. कपाटात कपड्यांखाली ठेवणं म्हणजे सुरक्षित नव्हे, पोरांना सगळ्या जागा ठाऊक असतात. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने आवळलेली लोखंडी पेटी घ्या. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा.

सफाईचं साहित्य : बोअरच्या मापाचा ब्रश, सळई, सुती कापड आणि हत्याराचं तेल. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसात कातडी होल्स्टर ओल धरतं. त्यातच हत्यार ठेवलं की गंज चढतो, म्हणून घरी आल्यावर बाहेर काढून पुसून ठेवा. सफाईआधी काडतुसं काढा आणि चक्र किंवा चेंबर डोळ्यांनी तपासा. तेल जास्त ओतू नका, काडतुसात झिरपलं तर बार फुसका जातो.

रबरी मूठ : घामानं हात सटकत असेल तर उपयोगी. पण ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच बसवा.

या गोष्टी नकोत

सायलेन्सर : १९५९ च्या शस्त्र कायद्यात आवाज किंवा ज्वाळा कमी करणारा जोड हा स्वतःच 'अग्निशस्त्र' धरला जातो. म्हणजे हत्याराचा परवाना आहे म्हणून सायलेन्सर चालतो, असं नाही. हत्याराचे सुटे भागही त्याच व्याख्येत येतात. त्यामुळं जादा मॅगझिन ऑनलाइन मागवू नका.

नळी कापणं, खेळण्यातलं हत्यार खरं करणं : यासाठी वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना असं केल्यास किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

चाप हलका करणं : रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो तो मुद्दाम. हलका केला तर धक्क्यानं किंवा चुकून बोट लागल्यानं बार उडू शकतो. शिवाय विनापरवाना कारागिराकडं दुरुस्ती करून घेतली तर त्याच्यावर गुन्हा होतोच, तुम्हीही अडचणीत येता.

पॉलिश, निकेल : घासताना नंबर पुसला गेला तर मोठी भानगड. हत्यारावरचं नाव, नंबर खोडणं किंवा बदलणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

दुरुस्ती लागलीच तर

परवानाधारक विक्रेत्याकडंच जा. परवाना सोबत न्या. हत्याराचा नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय हत्यार सोडू नका. काही बसवण्याबाबत शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. निवडणुकीत हत्यार जमा करायचा आदेश आला तर पोलीस ठाण्यातूनही पावती घ्या. त्यावर होल्स्टर, मॅगझिन, काडतुसांची संख्या लिहून घ्या.

आणि वरातीत, यात्रेत हवेत बार काढायचा मोह आवरा. इतरांच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.