एकाच स्वातंत्र्याच्या तीन पहाटा

दिवाळी काही एका दिवसात येत नाही. वसुबारसेला पहिली पणती लागते, मग धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, असा उजेड चढत जातो. आपले स्वातंत्र्यही असेच टप्प्याटप्प्याने आले. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे उभे राहताना हे आपण विसरतो, अशी मला नेहमी रुखरुख वाटते.

मुळात ही तारीख तरी कुणाची? काँग्रेस १९३० पासून स्वातंत्र्यदिन पाळत आली तो २६ जानेवारीला. १५ ऑगस्ट हा दिवस माउंटबॅटन साहेबांनी निवडला. दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी जपानने शरणागती जाहीर केली होती, ही आठवण त्यांच्या मनात होती. म्हणजे तारीख साहेबाची. तिला अर्थ दिला तो आपल्या माणसांनी, आणि तोही किंमत मोजून.

१९४७ साली त्या दिवशी पुण्या-मुंबईत आनंदाला उधाण आले. मराठवाडा मात्र निजामाच्या राज्यात होता आणि निजाम भारतात सामील व्हायला तयार नव्हता. तेथे तिरंगा हाती घेणे म्हणजे तुरुंगाची वाट धरणे. स्वामी रामानंद तीर्थांना नेमकी त्याच दिवशी अटक झाली. पुढे तेरा महिने लोकांनी रझाकारांची दहशत सोसली. अखेर भारतीय फौजा शिरल्यावर पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजाम शरण आला. मराठवाड्याची पहाट झाली ती तेव्हा.

गोव्याची रात्र याहून लांबली. १५१० पासून तेथे पोर्तुगीजांचा अंमल. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कित्येक जण पुन्हा घरी परतले नाहीत. पणजीत तिरंगा चढला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी.

मला त्या सत्याग्रहींचे फार नवल वाटते. त्यांच्या स्वतःच्या घरी स्वातंत्र्य येऊन आठ वर्षे लोटली होती. त्यांनी घरीच झेंडावंदन करून गोडधोड खाल्ले असते, तर कोण बोल लावणार होते? पण आपल्या घरी फराळ झाला म्हणून शेजारी ताट पाठवायचे कुणी विसरत नाही. स्वातंत्र्यदिनाचा अर्थ मला तरी एवढाच समजला आहे. यंदा नवे कॅलेंडर भिंतीवर लावाल, तेव्हा मुलांना जवळ बोलावून या तिन्ही तारखा दाखवा.