डॉ. आंबेडकरांची लंडनची रजा व पूर्वाध्ययनाचा प्रश्न

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या परदेशांतील विद्याभ्यासासंबंधीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बहुतेक लेखन पदव्यांची यादी देऊन थांबतें. एम्. ए., पीएच्. डी., एम्. एस्‌सी., डी. एस्‌सी., बॅरिस्टर अशी माळ वाचली म्हणजे वाचकाचा असा समज होतो कीं, एक पायरी चढल्यावर दुसरी आपोआप पायाखालीं आली. तारखा जुळवूं लागलें म्हणजे मात्र हा समज टिकत नाहीं. पीएच्. डी. चें वर्ष कोणी १९१६-१७ देतात, कोणी १९२७ देतात, एम्. एस्‌सी. ही पदवी पहिल्या डॉक्टरी प्रबंधाच्या नंतरची. आणि मध्यें तीन वर्षांचा खंड पडलेला. या विसंगतीचें मूळ आमच्या मतें दोन प्रश्नांत आहे. मिळालेली जागा न सोडतां अभ्यास पुढें ढकलतां येतो काय, हा एक. आणि एका विद्यापीठांत केलेलें अध्ययन दुसऱ्याच्या हिशेबीं धरलें जातें काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर लंडननें अनुकूल दिलें. दुसऱ्याचें जें उत्तर मिळालें तें चमत्कारिक आहे.

प्रथम न्यूयॉर्कची हकीकत थोडक्यांत सांगतों. मुंबई विद्यापीठाची बी. ए. परीक्षा १९१२ सालीं उतरल्यावर आंबेडकरांस श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां मिळाली. मोबदला म्हणून बडोदें संस्थानाची दहा वर्षें नोकरी करण्याचा करार त्यांनीं जून १९१३ मध्यें लिहून दिला. कोलंबिया विद्यापीठानें मुंबईची पदवी पदव्युत्तर वर्गांत प्रवेशास पुरेशी मानली. तेथें त्यांनीं अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकीं १, असे एकूण ६० पाठ्यक्रम घेतले. १९१५ मध्यें एम्. ए. झाले. मे १९१६ मध्यें हिंदुस्थानांतील जातिसंस्थेवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध गोल्डनवायझर यांच्या वर्गांत वाचला गेला, आणि त्याच वर्षीं ते न्यूयॉर्क सोडून लंडनला आले.

येथून आमच्या विषयास आरंभ होतो. कोलंबियाचे प्रोफेसर सेलिग्मन यांनीं सिडने वेब यांस शिफारसपत्र दिलें होतें. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सनें आंबेडकरांस घेतलें. पण घेतलें तें एम्. एस्‌सी. च्या वर्गांत. म्हणजे एका विद्यापीठाचा एम्. ए. दुसऱ्या विद्यापीठांत पुन्हा त्याच पायरीवर बसला. मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार आणि हॉबहाउस यांच्याकडे समाजविकास व समाजशास्त्र हे विषय त्यांनीं घेतले. फी १० पौंड १० शिलिंग पडली. अमेरिकेंतील एका महिन्याच्या शिष्यवृत्तींतून ती वजा केली तर हातीं एक पौंड उरतो. याच सुमारास, ११ नोव्हेंबर १९१६ रोजीं, ग्रेज इन येथें बॅरिस्टरीसाठींही त्यांनीं नांव घातलें. शिफारसपत्रानें दार उघडलें, परंतु आंत गेल्यावर मागील तीन वर्षांची वजावट मिळाली नाहीं, हें येथें लक्षांत ठेवावें.

वर्ष पुरें होण्यापूर्वींच शिष्यवृत्ति संपली आणि कराराप्रमाणें बडोद्यास परतण्याची वेळ आली. अशा प्रसंगीं गरीब विद्यार्थ्यापुढें बहुधा दोनच मार्ग असतात: कर्ज काढून राहावयाचें, किंवा नांव काढून घेऊन जावयाचें. आंबेडकरांनीं तिसरा मार्ग धरला. जुलै १९१७ मध्यें लंडन विद्यापीठानें त्यांस चार वर्षांपर्यंत गैरहजर राहण्याची परवानगी दिली. चरित्रग्रंथांतून या परवानगीस एखादें वाक्य मिळतें. आमच्या मतें त्यांच्या विद्यार्थिदशेंतील अत्यंत मोलाचा कागद हाच होय. कारण पुढील सर्व पदव्या याच्या आधारावर उभ्या आहेत. परवानगी नसती तर १९२० सालीं लंडनच्या दारांत उभा राहणारा मनुष्य परतलेला विद्यार्थी ठरला नसता. नवा उमेदवार ठरला असता, व नव्या उमेदवाराचें काय झालें असतें याचा अंदाज पुढें येणाऱ्या एका पत्रावरून बांधतां येतो.

युद्धकाळ असल्यानें समुद्रप्रवास धोक्याचा होता. त्यांचें सामान निराळ्या जहाजानें निघालें होतें; तें जहाज पाणतीरानें बुडालें. नुकसानभरपाईचे ६०० रुपये आले, त्यांतून बडोद्यास जाण्याची सोय झाली. बडोद्याची हकीकत सर्वश्रुत आहे. महाराजांनीं पुढें मोठ्या हुद्द्यावर नेमण्याच्या हेतूनें बोलावलेल्या या पदवीधरास गांवांत राहावयास घर मिळेना. पारशी उतारूगृहांत नांव लपवून काढलेले अकरा दिवस काठ्या घेऊन आलेल्या जमावानें संपविले. कोलंबियाच्या साठ पाठ्यक्रमांपैकीं एकही तेथें हिशेबीं आला नाहीं.

रजेचीं हीं वर्षें रिकामीं गेलीं नाहींत. १९१८ मध्यें हिंदुस्थानांतील लहान शेतांच्या प्रश्नावरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. जानेवारी १९१९ मध्यें साउथबरो कमिटीपुढें अस्पृश्यांच्या मताधिकाराविषयीं साक्ष झाली. ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायक’ निघाला. पगारांतून राहिलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य आणि नवल भथेना या पारशी स्नेह्यांनीं दिलेलें कर्ज, इतक्या सामग्रीवर ते १९२० च्या जुलैंत पुन्हा विलायतेस निघाले व शरद्‌ऋतूंतील टर्मला शाळेंत हजर झाले. परवानगीची मुदत जुलै १९१७ पासून मोजली तर ती जुलै १९२१ मध्यें संपते. म्हणजे हातीं सुमारें दहा महिने होते. एम्. एस्‌सी. ची पदवी त्यांस जून १९२१ मध्यें मिळाली. रोजचे अठरा अठरा तास वाचन वगैरे गोष्टी आवडीनें सांगितल्या जातात. त्यांच्या जोडीस हा दहा महिन्यांचा हिशेब ठेवला म्हणजे त्या घाईचा अर्थ अधिक उलगडतो.

वर उल्लेखिलेलें पत्र याच काळचें. १९२० मध्यें सेलिग्मन यांनीं लंडन स्कूलचे प्रोफेसर फॉक्सवेल यांस आंबेडकरांविषयीं लिहून संशोधनांत साहाय्य करण्याची विनंति केली. नोव्हेंबर महिन्यांत फॉक्सवेल यांनीं संस्थेच्या चिटणीस बाईंस कळविलें कीं, या गृहस्थांनीं डॉक्टरची पदवी अगोदरच घेतली आहे, ते केवळ संशोधनासाठीं आलेले आहेत, ही गोष्ट आपण विसरलों होतों. त्यांस आपल्या शाळेचे म्हणतां येत नाहीं याचें वाईट वाटतें, परंतु त्यांनीं जिंकावें असें येथें आतां कांहीं उरलेलें नाहीं. पत्र गौरवाचें आहे यांत संशय नाहीं. पण त्याचा व्यावहारिक अर्थ काय होतो? १९१६ मध्यें जें पूर्वाध्ययन वजावटीस पुरेसें ठरलें नाहीं, तेंच १९२० मध्यें प्रवेशाच्या आड येण्याइतकें मोठें ठरूं लागलें! त्यांतही गंमत अशी कीं, ज्या डॉक्टरीचा फॉक्सवेल यांनीं हवाला दिला ती रीतसर पदवी त्या दिवशीं आंबेडकरांच्या हातीं नव्हतीच. ते जुन्या यादींतील विद्यार्थी असल्यामुळें अर्धवट राहिलेली एम्. एस्‌सी. पुरी करण्याचा त्यांचा हक्क शाबूत होता, आणि त्यांनीं त्यासाठींच अर्ज केला. फी एका गिनीनें वाढून ११ पौंड ११ शिलिंग झाली होती, एवढाच काय तो फरक.

पूर्वाध्ययनाचा हा पेंच नवा नाहीं. छांदोग्याच्या सातव्या अध्यायांत नारद सनत्कुमारांकडे शिकावयास येतात, तेव्हां आचार्य प्रथम विचारतात तें हेंच: तुला काय येतें तें सांग, मग त्यापुढचें मी सांगेन. नारद चार वेदांपासून सर्पविद्येपर्यंत भली मोठी यादी देतात. आचार्य ती सगळी ऐकून घेतात, हें सर्व नाम आहे असें सांगतात, आणि आरंभ नामापासूनच करतात. पण तेथें ‘तुला पुष्कळ येतें, सबब येथें तुझें काम नाहीं’ असें कोणी म्हटलें नाहीं. संस्कृताचा विषय निघालाच आहे तर हेंही नमूद करणें प्राप्त आहे कीं, आंबेडकरांस शाळेंत संस्कृत शिकण्याची इच्छा असतां ती भाषा नाकारण्यांत आली व फारसी घ्यावी लागली. ज्यांचा जन्म संस्कृतच्या तासांत गेला त्या आमच्यासारख्यांस ही नोंद वाचून पुढें जाणें सोपें जात नाहीं. पूर्वाध्ययन मोजण्याची गोष्ट दूरच. येथें अध्ययनाचाच अधिकार नव्हता.

लंडनमधील एक दार बंद झालेंच तर दुसरें असावें म्हणून कीं काय, १९२१ च्या फेब्रुवारींत त्यांनीं प्रशियाच्या शिक्षणखात्यास जर्मन भाषेंत अर्ज व आत्मवृत्त पाठविलें, आणि बॉन विद्यापीठांत नांवही नोंदविलें गेलें. कोलंबियांतील जर्मनचा पाठ येथें कामीं आला म्हणावयाचें. वर्गांस हजेरी न लागल्यामुळें तेथील पटावरून तें पुढें कमी झालें. ग्रेज इनचा मार्ग याहून सरळ होता. तेथें त्या काळीं टर्म भोजनाच्या पंक्तींवर मोजीत, आणि त्या भरल्या म्हणजे भरल्या. जून १९२२ मध्यें ते बॅरिस्टर झाले.

डी. एस्‌सी. चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरचा. तो मार्च १९२३ मध्यें सादर झाला व परीक्षकांनीं स्वीकारण्याची शिफारस केली नाहीं. प्रबंध ब्रिटिशविरोधी ठरल्यामुळें अडविला गेला असें आपल्याकडे ठामपणें लिहितात. संस्थेच्या दप्तरांतील त्यांच्या कागदांत तसें कांहीं सांपडत नाहीं, म्हणून तें विधान आम्ही सिद्ध धरीत नाहीं. पैसे संपल्यामुळें ते एप्रिलमध्यें मुंबईस परत आले होते. सुधारलेला प्रबंध ऑगस्टमध्यें पुन्हा सादर झाला, नोव्हेंबरांत मान्य झाला आणि लगेच छापूनही निघाला. त्यांचे गुरु कॅनन यांनीं त्यास प्रस्तावना लिहिली, व तींत शिष्याशीं आपला मतभेदही मोकळेपणानें नोंदविला.

आतां राहिली पीएच्. डी. कोलंबियाचा त्या काळचा नियम असा कीं, प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठांत दाखल केल्यावांचून पदवी द्यावयाची नाहीं. छपाईस पैसा लागतो. १९१६ सालच्या विद्यार्थ्याजवळ तो नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक जमाखर्चाच्या विकासावरील त्यांचें पुस्तक लंडनमध्यें १९२५ सालीं छापलें गेलें. प्रस्तावना सेलिग्मन यांची असून अर्पण सयाजीराव महाराजांस आहे. लंडनच्या एम्. एस्‌सी. चा प्रबंधही साम्राज्याच्या जमाखर्चाच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावरच होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे एका विद्यापीठानें दुसऱ्याचें अध्ययन मोजलें नाहीं तरी विद्यार्थ्यानें तें कसें वाहून नेलें हें दिसतें. यादींतील १९१६-१७ हें वर्ष अभ्यास पुरा झाल्याचें, आणि १९२७ हें पदवी मिळाल्याचें; दोन्ही तारखा आपापल्या जागीं बरोबर आहेत. कोलंबियानें पदवी दिली ती जून १९२७ मध्यें, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेतल्याला अडीच महिने होऊन गेल्यावर.