शहाजीराजपुरम्‌ची जमीन

जिंजीच्या वेढ्यापाशी मराठी विद्यार्थ्याचा दक्षिणेतील इतिहास बहुधा संपतो. छत्रपती राजाराम महाराज त्या किल्ल्यात अडकले होते, त्याच काळात थोड्या दक्षिणेस कावेरीच्या काठी त्यांचे चुलत बंधू शहाजीराजे तंजावरच्या गादीवर होते. व्यंकोजीराजांचे हे थोरले पुत्र. १६८४ ते १७१२ ही त्यांची कारकीर्द. जिंजीस मदत पाठविल्याबद्दल मोगल सेनापती झुल्फिकारखान १६९४ मध्ये तंजावरवर चालून आला आणि राजांना खंडणी कबूल करावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी, १६९३ मध्ये, कुंभकोणम्‌जवळचे तिरुविसनल्लूर हे गाव त्यांनी सुमारे पंचेचाळीस विद्वानांच्या कुटुंबांना घरे व जमिनीसह अग्रहार म्हणून दिले होते. गावाला नवे नाव मिळाले : शहाजीराजपुरम्.

शत्रू दाराशी असताना कावेरीकाठची सुपीक जमीन दान देणे हा भाबडेपणा नव्हता. परक्या मुलखात पाय रोवू पाहणाऱ्या घराण्याला तेथील विद्वानांची मान्यता हवी होती. दान घेणारेही केवळ मराठी नव्हते. त्यांत तमिळ, तेलुगू घराणी होती. वैयाकरण व नाटककार रामभद्र दीक्षित हे त्यांतील अग्रणी. ‘जानकीपरिणय’ नाटक व ‘पतंजलिचरित’ हे काव्य ही त्यांची कीर्ती. श्रीधर वेंकटेश, ज्यांना सारा तमिळ मुलूख ‘अय्यावाळ’ म्हणून ओळखतो, त्यांनी राजांवर ‘शाहेंद्रविलास’ हे संस्कृत काव्य रचले. सदाशिव ब्रह्मेंद्रांचे शिक्षणही याच परिसरात झाले, अशी परंपरा आहे. राजे स्वतः मराठी, तेलुगू व संस्कृत जाणणारे ग्रंथकार होते. त्यांची मराठी नाटके तंजावरच्या सरस्वती महालात जपली गेली.

ग्रंथांचा हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्या ग्रंथांना पोसणाऱ्या शेताचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

तंजावर मुलखात अशा गावांची जमीन बहुधा तुकड्यांनी नव्हे, तर हिश्श्यांनी धरली जाई. हिश्श्याला ‘पंगु’ म्हणत. अनेक गावांत कोणते शेत कोणाच्या वाट्यास यावे हे ठरावीक वर्षांनी चिठ्ठ्या टाकून पुन्हा ठरे. या पद्धतीचे नाव ‘करैयीडु’. चांगली जमीन, कालव्याच्या शेवटी असलेली तहानलेली जमीन, सर्वांच्या वाट्यास आळीपाळीने येई. पुढे बहुतेक ठिकाणी वाटण्या कायमच्या झाल्या. हिस्सेदाराला म्हणत ‘मिरासदार’. हा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा आहे, कारण देशावरच्या गावगाड्यातही मिरासदार व उपरी असा भेद होताच. उपऱ्याला तिकडे ‘पुरक्कुडी’ म्हणत.

मात्र मिरासदार पंडित नांगर धरीत नसत. नांगर धरी तो पण्णैयाळ. ‘पण्णै’ म्हणजे मालकाची शेती, ‘आळ’ म्हणजे माणूस. तो बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातीचा, वस्तीच्या बाहेर राहणारा, आणि पिढीजात कर्जाने व रूढीने शेताला बांधलेला. आषाढाच्या सुमारास कावेरीला पाणी आले की ‘कुरुवै’ भाताची लावणी, मागून दीर्घ मुदतीचे ‘सांबा’, आणि कुरुवै कापून झाल्यावर त्याच चिखलात ‘ताळडी’. या चक्रावर अग्रहारातील पाठशाळा चालत. व्याकरणाच्या सूक्ष्म वादांना लागणारी फुरसत या चिखलातूनच येत होती.

तिरुविसनल्लूरची सर्वांत प्रसिद्ध कथाही नकळत हेच सांगते. श्राद्धाच्या दिवशी अय्यावाळांच्या दारी एक भुकेलेला अंत्यज आला. ब्राह्मणांसाठी रांधलेले अन्न त्यांनी त्याला दिले. गावाने श्राद्धावर बहिष्कार टाकला आणि प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितले. तेव्हा त्यांनी गंगेची स्तुती केली आणि घरामागच्या विहिरीत गंगा उसळली, अशी श्रद्धा आहे. कथेत त्या भुकेल्या माणसाला नाव नाही. ज्या गावाच्या कोठारात भाताच्या राशी होत्या तेथे तो उपाशी का होता, हा प्रश्नही कथा विचारीत नाही. अय्यावाळांनी आपल्यापुरते त्याचे उत्तर मात्र दिले होते.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर राज्यच खालसा झाले. दरम्यान कावेरीचे पाणी कोळ्ळिडम्‌कडे वाहून जात होते, म्हणून आर्थर कॉटनने १८३६ मध्ये वरचा बंधारा बांधला. १९३४ मध्ये मेट्टूर धरण झाले. पाण्याची शाश्वती वाढली, पण अग्रहारांतील माणसे निघू लागली होती. कुंभकोणम्‌चे महाविद्यालय १८५४ चे. तेथून वाट मद्रासच्या कचेऱ्यांकडे जाई. पंडिताचा नातू वकील किंवा कारकून झाला आणि शेत कुळाच्या हाती राहिले.

स्वातंत्र्यानंतर कुळांनी व मजुरांनी आपला वाटा मागितला. १९५२ च्या तंजावर कूळ व पण्णैयाळ संरक्षण कायद्याने कुळाचा वाटा दोनपंचमांश ठरविला; १९५६ मध्ये पारडे उलटले आणि ओलिताच्या भातशेतीत मालकाला उत्पन्नाचा ४० टक्केच खंड राहिला. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा, मर्यादा ३० प्रमाण एकर, १९७० मध्ये ती १५ वर आली. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या झालेल्या लहान हिश्श्यांना या मर्यादेची झळ फारशी लागण्याजोगी नव्हती. दूर शहरात बसलेल्या मालकाला खरा फरक पडला तो कूळकायद्याने. ही सारी जिंकलेली माणसे सुखाने नांदली असे मात्र नाही. जुन्या तंजावर जिल्ह्यातच, कीळवेण्मणी येथे, २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या झगड्यातून ४४ दलित स्त्री-पुरुष व मुले झोपडीत जाळली गेली.

आज तिरुविसनल्लूरला शिवयोगिनाथाचे चोळकालीन मंदिर आहे, त्याच्या भिंतीवर दगडी छायायंत्र आहे. कार्तिगै महिन्यातील अमावास्येला अय्यावाळांच्या विहिरीवर स्नानासाठी रांग लागते. गावाबाहेर भाताची खाचरे आहेत. शहाजीराजपुरम् हे नाव तेथे बोलण्यात सहसा येत नाही; ते ग्रंथांत सापडते.