आबांची भट्टी : कोइमतूरच्या गलाईवाल्यांचे एक स्मरण

संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हटले की अध्यक्ष, चिटणीस, गणेशोत्सवातील नाटके आणि व्याख्याने यांची जंत्री प्रथम डोळ्यांपुढे उभी राहते. ते योग्यच होय. परंतु मंडळाच्या जमाखर्चाची जुनी वही उघडून पाहिली, तर वर्गणीदारांत अशीही कितीतरी माणसे आढळतात की ज्यांनी व्यासपीठावर कधी पाऊल ठेवले नाही. कोइमतूरच्या सराफपेठेतील मराठी गलाईवाले हे अशांपैकीच. माझे वडील, ज्यांना सारे आबा म्हणत, ते त्यांतलेच एक. त्यांच्या निमित्ताने या व्यवसायाची हकीकत सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नोंदली जावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण, खटाव हे तालुके पर्जन्यछायेत येतात. तेथे जमीन होती, पण पाणी नव्हते. ज्वारी-बाजरीचे पीक चार वर्षांतून एकदा पदरात पडावे अशी स्थिती. या मुलखातील शेतकऱ्यांची मुले पोटासाठी बाहेर पडली आणि केरळापासून आसामपर्यंतच्या सराफपेठांत गलाईच्या भट्ट्या मांडून बसली. हे लोक परंपरेने सोनार नव्हेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. नांगर धरणाऱ्या हातांनी चिमटा धरला. एकाचा जम बसला की तो पुतण्याला नेई, पुतण्या मेहुण्याला नेई, आणि अशा रीतीने एकेका गावाची शाखा परमुलुखात निर्माण होई. १९७२ च्या दुष्काळाने या ओघात आणखी भर घातली.

आबा आपल्या चुलत्यांबरोबर कोइमतूरास आले, ते मिसरूड फुटण्यापूर्वीच. तमिळचे एक अक्षर येत नव्हते. पहिली दोन वर्षे भाता ओढणे, कोळसे फोडणे आणि मुशी घासणे हेच काम; मोबदला म्हणजे दोन वेळचे जेवण व दिवाळीला कपडे. पुढे त्यांनी विद्या हस्तगत केली. ती विद्या अशी : दागिन्यातील सोन्यात तांबे, चांदी मिसळलेली असते. त्या सोन्यात त्याच्या सुमारे तिप्पट चांदी घालून ते मुशीत वितळवावयाचे आणि तो रस पाण्यात ओतून त्याचे रवे करावयाचे. हे रवे शोऱ्याच्या तेजाबात उकळले म्हणजे चांदी व तांबे विरघळते, आणि तळाशी तपकिरी मातीसारखे काहीतरी उरते. अजाण माणूस ते फेकून देईल. पण तेच शुद्ध सोने. ते धुऊन, सवागी घालून पुन्हा वितळविले की पिवळीधमक लगड हाती येते. तेजाबात गेलेली चांदीही वाया जात नाही. तांब्याच्या पट्ट्या त्यात सोडल्या की ती वेगळी होऊन खाली बसते.

या धंद्याचे खरे भांडवल मात्र मूस किंवा भट्टी नव्हे, विश्वास होय. आसारी, म्हणजे तेथील सोनार, आपल्या गिऱ्हाइकाचे सोने गलाईवाल्याच्या स्वाधीन करी. कोणा सुवासिनीची जुनी ताली, कोणा म्हातारीची कर्णफुले. एकदा वितळले की त्यास ओळख राहत नाही. किती घट आली आणि किती मुरली, हे फक्त भट्टीपुढे बसलेला माणूस जाणतो. आबांचा नियम एकच होता : कसोटीवर कस पाहून घट आधी सांगावी, मग मूस विस्तवात ठेवावी. मुशीच्या तळाशी चिकटलेला कणसुद्धा खरवडून ते मालकाच्या वजनात घालीत. त्यांचा हिशेब मनात तोळ्या-माशांत चाले, आसाऱ्याशी बोलणे आठ ग्रॅमच्या पवनात होई आणि दशमान पद्धती आल्यावर पावती ग्रॅममध्ये लिहिली जाई. तिन्ही मापांत एका गुंजेचाही फरक पडत नसे. ज्या गावात ते परके म्हणून आले, त्या गावाने त्यांच्या हाती आपले सोने न मोजता ठेवले, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

या विश्वासाची कसोटी लागली ती सुवर्णनियंत्रणाच्या काळात. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले व चौदा कॅरटांहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. देशभर लक्षावधी सुवर्णकारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. कित्येकांनी जीव दिला. चौदा कॅरटांची अट १९६६ मध्ये गेली, तरी १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने सामान्य नागरिकास सोन्याची लगड बाळगणेच निषिद्ध ठरविले. म्हणजे आबांच्या हातून जी वस्तू निर्माण होई, तीच वस्तू गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू लागली! चोरून सोने गाळून देणाऱ्यास त्या दिवसांत दुप्पट मजुरी मिळे. आबांकडेही रात्री दार ठोठावणारे आले. त्यांना चहा पाजून त्यांनी परत पाठविले. चांदीवर तसे नियंत्रण नव्हते. म्हणून सेलमकडच्या जुन्या पैंजणांची चांदी गाळून त्यांनी संसार रेटला. त्या वर्षांत आईच्या अंगावर एक मंगळसूत्र तेवढे उरले होते, आणि तेवढ्यावरच तिचे समाधान होते. तो कायदा रद्द झाला १९९० मध्ये.

तेजाबाचा तांबूस धूर छातीस अपाय करतो. आबांना उतारवयात खोकल्याने सोडले नाही. आम्हा भावंडांना मात्र त्यांनी भट्टीजवळ बसू दिले नाही. "तुम्ही पाटीवर अक्षरे गिरवा, विस्तवापुढे बसायला मी आहे," असे ते म्हणत. आमच्या शिक्षणाची फी त्या धुरातून आली आहे, हे आम्हांस कळावयास फार वर्षे लागली नाहीत.

मंडळाशी त्यांचा संबंध वर्गणीपुरता आणि गणपतीच्या आरतीपुरता. नोकरीनिमित्त आलेली सुशिक्षित मंडळी पुढच्या खुर्च्यांवर बसत. गलाईवाले दुकाने बंद करून उशिरा येत व मागे उभे राहत. यात कोणाचा दोष होता असे नाही. बोलण्याची ढब निराळी, दिनक्रम निराळा. परंतु गावाकडून आलेल्या नव्या पोरास पहिल्या रात्री निवारा हवा असला, की तो आबांच्या पोटमाळ्यावरच मिळे. तेथे माणदेशी मराठी बोलली जाई, आणि तेही एक मराठी मंडळच होते.

आता दिवस पालटले आहेत. यंत्राखाली दागिना धरला की क्षणात त्याची शुद्धता कळते. जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्तीही टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. कसोटीच्या दगडाची गरज उणावली. तिकडे टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी त्या अवर्षणी तालुक्यांत पोहोचविले. ज्या पाण्यावाचून आबांना गाव सोडावे लागले, ते पाणी आमच्या शिवारात आले तेव्हा आबा नव्हते. त्यांचे वय झालेले सोबती अजून या शहरात आहेत. मंडळाने वर्गणीच्या जुन्या वह्यांवरून त्या पिढीच्या गलाईवाल्यांची यादी करावी, त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि पुढील वार्षिक अहवालास जोडाव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. हे काम ती मंडळी हयात आहेत तोवरच होण्याजोगे आहे.