मताचा दिवस आणि रोजाची मजुरी

रोह्याजवळ कुंडलिकेच्या खोऱ्यांत धाटाव नांवाचें गांव आहे. १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें पुढें या भागांत औद्योगिक वसाहत वसविली आणि भाताच्या खाचरांशेजारीं रसायनांचे कारखाने उभे राहिले. २०२४ सालीं ७ मे रोजीं लोकसभेसाठीं व २० नोव्हेंबर रोजीं विधानसभेसाठीं या भागांत मतदान झालें. त्या दोन्ही दिवशीं येथल्या कामगार मतदारांना कायद्यानें भरपगारी सुटीचा हक्क होता. हा हक्क कोणासाठीं निर्माण झाला आणि धाटावसारख्या ठिकाणींच त्याची खरी कसोटी कां लागते, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

मतपेटीच्या वाटेवर गरिबाला तीन कुलपें आढळतात. पहिलें कुलूप मालमत्तेचें. १९३५ च्या कायद्यानें मताधिकार बराच वाढला, तरी ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें सातांतील एकासच तो लाभला. सारा, कर किंवा शिक्षण यांपैकीं कांहीं पदरीं असल्यावांचून सामान्य मनुष्याचें नांव यादींत चढत नसे. मुंबई इलाख्याच्या विधानसभेंत १७५ जागा होत्या व त्यांपैकीं मजुरांसाठीं अवघ्या ७ राखून ठेविल्या होत्या. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें ३२६ व्या कलमान्वयें हें कुलूप काढून टाकलें. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सतरा कोटींहून अधिक मतदारांचीं नांवें यादींत होतीं. आमच्या जिल्ह्याला तेव्हां कुलाबा म्हणत. रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. ज्यांचें बालपण रोह्यास गेलें, ते त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख याच कुलाबा मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले.

दुसरें कुलूप भीतीचें. खोत, सावकार अथवा मालक पाहत असतांना उघड मत द्यावयाचें, तर तें मत देणाऱ्याचें राहत नाहीं. इंग्लंडांत १८७२ सालच्या कायद्यानें गुप्त मतदान सुरू झालें, तें याच कारणास्तव. आपल्याकडेही मतदान गुप्त आहे, म्हणून हें कुलूपही, निदान कायद्यापुरतें, उघडलें.

तिसरें कुलूप मात्र सहजीं दिसत नाहीं. तें पोटाचें. यादींत नांव आहे, मत गुप्त आहे, परंतु केंद्रावर जाण्यासाठीं दिवसाची मजुरी सोडावी लागत असेल, तर त्या मताला किंमत पडते. आणि ही किंमत मासिक वेतन घेणाऱ्यास पडत नाहीं, रोजंदारीवाल्यास पडते. ज्याचा रोज बुडतो, त्याला नुसती सुटी म्हणजे एक प्रकारचा दंडच होय.

सुटी आणि मजुरी यांचें हें नातें मुंबईच्या गिरण्यांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संघटना उभारून साप्ताहिक सुटीची मागणी केली. पुढें सहा वर्षें अर्ज, सभा आणि खटपटी चालल्या. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. सुटी ही मालकाची मेहेरबानी नसून मजुराचा हक्क आहे, हा विचार महाराष्ट्रांत रुजला तो तेव्हांपासून. मात्र मतासाठीं सुटी मागावी, असा प्रश्न त्या काळीं उद्भवूंच शकत नव्हता. कारण गिरणी कामगाराला मतच नव्हतें.

ज्या देशांत मजुराला मत आधीं मिळालें, तेथें हा प्रश्न आधीं उभा राहिला. अमेरिकेंत अध्यक्षाच्या निवडणुकीचा दिवस १८४५ च्या कायद्यानें मंगळवार ठरला, म्हणजे ऐन कामाचा वार. म्हणून तेथल्या कांहीं राज्यांनीं मतदानासाठीं कांहीं तासांची रजा देण्याचे कायदे केले. मिसूरी राज्याचा कायदा असा होता कीं, मतदारास चार तास मोकळीक द्यावी व त्याबद्दल मजुरी कापूं नये. १९४६ च्या निवडणुकींत सेंट लुई शहरांतील एका कारखान्यानें कामगारांना तीन वाजतां सोडलें, पण मत देण्यासाठीं गेलेल्या एका कामगाराची दीड तासाची मजुरी कापली. मालकास शिक्षा झाली. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३ मार्च १९५२ रोजीं न्यायालयानें कायदा वैध ठरविला. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच आटोपली होती, त्याच सुमाराची ही गोष्ट! न्यायमूर्ति जॅक्सन यांनीं मात्र भिन्न मत नोंदविलें. मतदारांना बाहेर काढणें हें मालकाचें काम नव्हे, असा त्यांचा आशय होता.

हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. नागरिकाच्या कर्तव्याचा खर्च मालकानें कां सोसावा? याला माझें उत्तर असें कीं, मालक मताची किंमत देत नाहीं. मजुरावर मताची किंमत पडूं नये, एवढेंच तो पाहतो. मत कोणाला द्यावयाचें, तें द्यावयाचें कीं नाहीं, हें मजुराच्याच हातीं राहतें.

आपल्या देशांत ही तरतूद स्पष्टपणें येण्यास बराच काळ लागला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमांत कलम १३५-ब घालण्यांत आलें, तें १९९६ सालीं. १ ऑगस्ट १९९६ पासून तें अमलांत आहे. लोकसभा किंवा विधानसभा यांच्या मतदानाच्या दिवशीं कोणत्याही व्यापारांत, कारखान्यांत वा आस्थापनेंत नोकरीस असलेल्या मतदारास सुटी द्यावी. तिच्यासाठीं वेतन कापूं नये. आणि ज्याला एरवी सुटीच्या दिवसाचें वेतन मिळत नाहीं, त्यालाही त्या दिवसाचें वेतन द्यावें. हें शेवटचें वाक्य म्हणजेच या कलमाचा प्राण होय. कंत्राटदाराचा माणूस, रोजावरचा हमाल, झाडलोट करणारी बाई, या सर्वांसाठीं तें लिहिलें गेलें आहे.

आतां धाटावकडे वळूं. याच कलमांत एक अपवाद आहे: ज्या मतदाराच्या गैरहजेरीमुळें त्याच्या कामांत धोका अथवा मोठें नुकसान संभवतें, त्याला हें कलम लागू नाहीं. रसायनांच्या कारखान्यांत या अपवादाला खरोखर अर्थ आहे. तापलेलें भांडें मध्येंच सोडून जातां येत नाहीं. बाष्पक व शीतकरण यांवर कोणाची तरी नजर असावीच लागते. परंतु हा अपवाद त्या माणसाच्या कामापुरता आहे, संबंध कारखान्यापुरता नाहीं. भट्टीवरच्या चौघांचें कारण सांगून फाटकाच्या आंतील चारशें जणांना अडकविणें हा कायद्याचा अर्थ नव्हे. महाराष्ट्र शासनाचीं निवडणुकीच्या वेळचीं परिपत्रकें हेंच सांगतात: पूर्ण दिवस सुटी देणें अशक्यच असेल, तर जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त यांची आगाऊ परवानगी घ्यावी आणि मतदानापुरती कांहीं तासांची सवलत तरी द्यावीच.

तासांची सवलत व दिवसाची सुटी यांतला फरक येथें ध्यानांत घ्यावा. मतदानाची वेळ सकाळीं सातपासून सायंकाळीं सहापर्यंत. ज्याचें नांव कारखान्याशेजारच्या गांवांत आहे, त्याला दोन तास पुरतील. पण ज्याचें नांव तळा, म्हसळा किंवा सुधागडच्या एखाद्या वाडीवर आहे, त्याला एस. टी. गांठून जावें लागतें, रांगेंत उभें राहावें लागतें आणि परत यावें लागतें. त्याला दिवसच हवा.

कायद्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कलम मोडणाऱ्या मालकास दंड आहे तो फार तर ५०० रुपये. शिवाय हें कलम लोकसभा व विधानसभा यांपुरतें आहे. ग्रामपंचायत वा जिल्हा परिषद यांच्या निवडणुका त्याच्या शब्दांत येत नाहींत. त्या वेळीं शासनाच्या निराळ्या आदेशांवर विसंबावें लागतें. दंड इतका हलका असतांना कायद्याचें रक्षण त्याच्या माहितीनेंच होतें. वर्गांत नागरिकशास्त्र शिकवितांना मी मताधिकाराचें वय सांगत असें. आज शिकवावयाचें झालें तर मी हें कलमही फळ्यावर लिहीन.

श्रोतेहो, आपणांपैकीं बहुतेकांना मासिक वेतन मिळतें, त्यामुळें मतदानाची सुटी आपल्याला विश्रांतीची वाटते. पण आपल्या घरीं काम करणारी मोलकरीण, दुकानांतला पोऱ्या, मोटार चालविणारा नोकर यांचाही तो दिवस आहे. पुढच्या मतदानाच्या आदल्या दिवशींच त्यांना सांगावें, 'उद्यां मत देऊन या, पैसे कापणार नाहीं.'